पाणबुड्याच्या घड्याळाचे काटे

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याच जिल्ह्याला नाही, पण जालन्याच्या बाबतीत ही उणीव जरा जास्तच डोळ्यांत भरते. मुंबईचा किनारा इथून सुमारे ४०० किलोमीटर लांब. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच. कुंडलिका नदी गावाच्या मधून वाहते असे भूगोलाचे पुस्तक सांगते; उन्हाळ्यात पुलावर उभे राहिले की पुस्तकावर विश्वास ठेवायला थोडी श्रद्धा लागते. २०१२-१३ च्या दुष्काळात निजामाच्या राजवटीतला घाणेवाडीचा तलावसुद्धा आटला आणि मोसंबीच्या उभ्या बागा वाळून गेल्या. अशा गावी मी गेल्या माघात, खोल समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी केलेल्या एका घड्याळाचे काटे शोधायला गेलो होतो. गाडीत शेजारच्या गृहस्थांना हे सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकवार नीट पाहिले आणि आपली पिशवी उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली.

घड्याळ माझ्या मावशीच्या यजमानांचे. त्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणत असू. अप्पा मूळचे अंबड तालुक्यातले. ज्या गावात पोहायला शिकायचे म्हणजे पाठीला डबा बांधून विहिरीत उडी टाकायची, त्या गावातून उठून हा माणूस व्यापारी जहाजावर इंजिनियर झाला आणि तीस वर्षे जगभर हिंडला. आखाती बंदरात एकदा बोट लागली असताना त्यांनी हे सेको कंपनीचे घड्याळ घेतले. उशीसारखी फुगीर केस, चाव्हीचे बटण नेहमीच्या तीनच्या जागी नसून चारच्या जागी, आणि पाठीवर एक उसळलेली लाट कोरलेली. जाणकार मंडळी त्याला ६३०९-७०४० या क्रमांकाने ओळखतात. १९७६ पासून १९८८ पर्यंत हे मॉडेल निघत होते. १५० मीटर खोलीपर्यंत पाणी आत येणार नाही अशी त्याची हमी होती. पाठीवरच्या नंबरातला पहिला आकडा साल सांगतो, दुसरा महिना. अप्पांच्या घड्याळाचा नंबर ९४ ने सुरू होतो. त्या बारा वर्षांत ९ ने संपणारे साल एकच, तेव्हा घड्याळ १९७९ च्या एप्रिलमधले, याविषयी वाद नाही. तारखेच्या शेजारी वाराचे नाव एकदा इंग्रजीत आणि बटण थोडे फिरवले की अरबीत येते. ते कुठल्या बाजारासाठी निघाले होते, हे त्यावरून कळते.

अप्पा जाऊन काही वर्षे झाली. यंदा त्यांची नात, म्हणजे माझ्या मावसभावाची मुलगी, शिक्षण संपवून कॅडेट म्हणून बोटीवर जायची होती. १९९९ साली सोनाली बॅनर्जी भारतातल्या पहिल्या महिला मरीन इंजिनियर झाल्या, तेव्हा त्या बातमीचे घरोघरी कौतुक झाले होते. आता अंबडची मुलगी जहाजावर निघते आणि शेजारी फक्त एवढेच विचारतात, की "जेवणाचं काय?" मावशीचा फोन आला. "अप्पांचं घड्याळ तिला द्यायचं आहे. चालतंय चांगलं, पण तू मागे म्हणाला होतास ना, काटे भलतेच आहेत म्हणून? ते नीट करून दे." मला जुन्या घड्याळांचा नाद आहे ही गोष्ट आमच्या घरात दारूच्या व्यसनासारखी खालच्या आवाजात बोलली जाते. तिचा असा कुणी उपयोग करून घ्यावा, हा योग प्रथमच आला.

काटे भलतेच होते म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे.

साध्या घड्याळात काटा हा शोभेचा भाग असतो असे म्हटले तरी चालेल. साडेनऊ वाजले की ऑफिसला निघायचे, एवढे कळले की झाले. पाणबुड्याचे तसे नाही. त्याच्या पाठीवर हवेचे नळकांडे असते आणि ते किती मिनिटे पुरेल याचा हिशोब त्याला अंधाऱ्या, गढूळ पाण्यात ठेवायचा असतो. म्हणून या घड्याळांना बाहेरून एक फिरते कडे असते. बुडी मारताना कड्यावरची खूण मिनिटाच्या काट्यासमोर आणायची. मग काटा किती पुढे सरकला ते कड्यावर वाचायचे. पुढे पुढे हे कडे एकाच दिशेने, उलटेच, फिरेल असे केले गेले. चुकून धक्का लागला तर गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी दिसत नाही. माणूस दोन मिनिटे आधी वर येतो, इतकेच. या सगळ्या व्यवहारात राजा मिनिटाचा काटा. तो रुंद हवा, लांब हवा आणि तासाच्या काट्याहून वेगळा दिसायला हवा. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी पुढे आंतरराष्ट्रीय नियम झाले, त्यांत अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे असे कलमच आहे.

१९५३ साली ब्लाँपॅनचे 'फिफ्टी फॅदम्स' आणि त्याच सुमारास रोलेक्सचे 'सबमरिनर' आले, तेव्हापासून प्रत्येक कंपनीने आपापल्या काट्यांचा चेहरा ठरवला. सबमरिनरच्या तासाच्या काट्यावर तीन फाकांचे वर्तुळ. ओमेगाच्या 'सीमास्टर ३००' ला १९५७ साली बाणाच्या रुंद टोकासारखा काटा होता, पुढे १९६० नंतरच्या दशकात त्याच्या तलवारी झाल्या. तेव्हा १९५७ च्या ओमेगावर तलवारी दिसल्या तर काटे नंतर कुणीतरी बदलले, हे डॉक्टरांनी नाडी पाहावी तसे पाहताक्षणी कळते. सेकोचे पहिले पाणबुडे घड्याळ १९६५ चे. अप्पांचे घड्याळ त्याचा नातू शोभेल. त्याचे काटे चांगले रुंद, मध्ये अंधारात चमकणारा लेप भरलेला. आणि अप्पांच्या घड्याळावर होते काय? दोन बारीक, चकचकीत काड्या. पैलवानाला शाळकरी पोराचा सदरा घातल्यासारखे ते दिसत असे.

आपल्याकडे हा प्रकार फार जुना आहे. फेवर ल्युबा ही स्विस कंपनी १८६५ पासून मुंबईत होती. आपल्या वाडवडिलांच्या मनगटावर, विशेषतः लग्नात जावयाला मिळालेली, जी घड्याळे दिसत त्यांत तिचे 'सी किंग' आणि 'सी चीफ' पुष्कळ. नावात समुद्र असला तरी ती घालून कुणी विहिरीतही उतरू नये. याच कंपनीने १९६८ साली 'बॅथी' काढले. त्यात खोली दाखवणारा स्वतंत्र काटा होता, आणि पाण्याचा दाब बसून तो ५० मीटरपर्यंत खोली सांगत असे. आता अशी नाना कुळांतली घड्याळे देशभर पसरली, सुटे भाग मिळायची मारामार, आणि घड्याळ बंद ठेवणे कुणाला परवडत नव्हते. मग घड्याळजींनी जे हाताशी असेल ते बसवले. याचे त्याला, त्याचे ह्याला. पुढे पुढे बाजारात डायल नव्याने रंगवून, मिळतील ते काटे ठोकून, जुनी घड्याळे नवी म्हणून परदेशी गिऱ्हाइकांना विकण्याचा उद्योगच निघाला. जगभरचे शौकीन अशा घड्याळाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. मला स्वतःला या दोन गोष्टी एकाच तागडीत घालणे पटत नाही. फसवायला रंगवलेले घड्याळ वेगळे, आणि मास्तरांना सोमवारी शाळेत वेळेवर जाता यावे म्हणून चालू करून दिलेले वेगळे.

अप्पांचे घड्याळ दुसऱ्या जातीतले. ते कसे बिघडले याची कथा घरात सर्वांना पाठ आहे. अरबी समुद्र, हिंदी महासागर, सुएझचा कालवा हे सगळे निभावून आलेले ते घड्याळ निवृत्तीनंतर अंबडजवळच्या शेतातल्या विहिरीत बुडाले. म्हणजे अप्पांच्या मनगटावरच होते. अप्पांनी काठावरून सूर मारला आणि बटण आट्यांवर घट्ट करायचे राहून गेले होते. पाणी आत गेले. घड्याळ चार वाजून सात मिनिटांनी थांबले आणि आठ-दहा दिवस तसेच फडताळात पडून राहिले. मग अप्पा ते जालन्याला एका घड्याळजीकडे घेऊन गेले. मशीन वाचले, सेकंदाचा काटा वाचला. तासाच्या आणि मिनिटाच्या काट्यांमधला लेप मात्र कुजून सुटला होता. त्यांच्या जागी आल्या त्या काड्या.

म्हणूनच जालना. घड्याळजी जुना भाग फेकून देत नाही, हा माझा अनुभव आहे.

रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने पहाटे जालन्याला उतरलो. 'जालना सोने का पालना' अशी म्हण इकडे आहे. व्यापाराचे गाव, हे उजाडायच्या आत कळते. एकीकडे भंगार वितळवून सळ्या करणाऱ्या गिरण्या, दुसरीकडे बियाण्यांचा धंदा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिकोची सुरुवात केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तेव्हापासून शुद्ध वाण आणि भेसळ वाण या विषयावर जालन्यात कुणीही अर्धा तास बोलू शकतो. मोंढ्याच्या बाजूने चहा घेत हिंडलो. काटा हा शब्द इथे निराळ्याच अर्थाने कानावर पडत होता. "काटा करून घ्या", "काटा बरोबर आहे का?" गाड्याच्या गाड्या वजनकाट्यावर चढत होत्या, आणि माझ्या खिशातल्या काट्यांचे वजन करायला तिथला कुठलाही काटा उपयोगी नव्हता.

माझ्या खिशात काटे होते हे खरे. मुंबईतल्या एका दुकानाने "अगदी ओरिजिनल" म्हणून मला एक जोडी पोस्टाने पाठवली होती. पांढरीशुभ्र, धुवट, कोरी करकरीत. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या वस्तूने इतके तरुण दिसावे हे बरे लक्षण नव्हते.

घड्याळजींचे दुकान कादराबादच्या बाजूला, एका कापडदुकानाच्या जिन्याखाली. दुकान म्हणजे एक काचेची पेटी, एक दिवा आणि त्यामागे सत्तरी ओलांडलेले चाचा. डोळ्याला भिंग अडकवलेले. मी घड्याळ पुढे ठेवले. त्यांनी ते कानाला लावले, मग पाठ उघडली, आणि झाकणाच्या आत त्यांनीच कधीतरी सुईने कोरलेली बारीक खूण मला दाखवली. "इंजिनेर साहेबांचं. विहिरीतलं."

"काटे बदललेत," मी म्हणालो.

"बदलणारच की साहेब. त्या वक्ताला ह्याचे काटे कुठून आणायचे? मुंबईला चिठ्ठी लिहा, महिना वाट बघा, अन् आले तर भलतेच. साहेब म्हणले, उस्ताद, घड्याळ चाललं पाहिजे. चालवून दिलं. तीस साल होत आले, बंद पडलं का?"

बंद पडले नव्हते. त्या काड्या आल्या कुठून, हेही त्यांनी सांगितले. ६३०९ हे मशीन सेकोने पाणबुड्यांच्याच घड्याळात वापरले असे नाही; साध्या, ऑफिसात घालायच्या घड्याळांतही तेच. तेव्हा त्या साध्या घड्याळाचे काटे याच्यावर अचूक बसतात. भोक तेच, उंची तीच. शौकिनांची जी मोठी फसगत होते ती इथेच. बसला म्हणजे बरोबर, असे त्यांना वाटते. भोकाचे माप ही फक्त पहिली पायरी, आणि तीही नाजूक. आजच्या घड्याळांतले उदाहरण घ्या. स्वित्झर्लंडच्या ईटीए २८२४ या मशीनला तासाच्या काट्याचे भोक १.५० मिलिमीटर, मिनिटाचे ०.९० आणि सेकंदाचे ०.२५. जपानी एनएच ३५ ला तासाचे आणि मिनिटाचे तेच, सेकंदाचे मात्र ०.२०. फरक मिलिमीटरच्या विसाव्या भागाचा, केसाच्या जाडीहून कमी. तेवढ्यावरून एक काटा बसतो आणि दुसरा दुपारपर्यंत गळून काचेखाली पडतो. स्विस घड्याळांत आणखी एक घोळ असा, की पुष्कळ कंपन्या काटे स्वतः करीतच नसत. ला शो-द-फाँ गावात १९०९ साली निघालेला युनिव्हर्सो हा कारखाना नुसते काटेच करी आणि अनेकांना पुरवी. त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या घड्याळांवर सख्खे भाऊ दिसतात आणि दोन्ही बरोबर असतात.

चाचांनी खालच्या खणातून डबे काढायला सुरुवात केली. पावडरचे, गोळ्यांचे, फोटोच्या फिल्मचे. प्रत्येकावर उर्दूत चिठ्ठी. सर्वांत मोठा डबा एचएमटीचा. १९६१ पासून, सिटिझनच्या साहाय्याने, या सरकारी कंपनीने आपल्याला वेळ पाहायला शिकवले. २०१६ साली तिची घड्याळे बंद करण्याचा निर्णय झाला, आणि आता तिचे काटे डब्यात मोहरीसारखे पडलेले. एक डबा फेवर ल्युबाचा. तो हातात घेताच चाचा म्हणाले, "ह्याच्यातले हिरवट काटे नखानं खरवडू नका." आपल्याकडे अंधारात चमकणारी कुठलीही वस्तू 'रेडियम' असते, स्कूटरवर चिकटवायच्या पट्ट्यासुद्धा 'रेडियम'च्या. पण फार जुन्या घड्याळांत ते खरोखरच रेडियम असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात अमेरिकेत डायल रंगवणाऱ्या मुली कुंचल्याला टोक काढण्यासाठी तो ओठांत धरीत आणि त्यांतल्या कित्येकींचे त्यापायी जबडे झडले, प्राण गेले. रेडियमचे तेज निम्मे व्हायला १६०० वर्षे लागतात. त्यातला चमकणारा पदार्थ कधीच मरून जातो, पण किरण चालूच. १९६० नंतर ट्रिटियम आले. ते सौम्य, साडेबारा वर्षांच्या आतच निम्मे होणारे. ज्या डायलच्या तळाशी 'स्विस' शब्दाच्या दोन्ही बाजूंना 'टी' हे अक्षर असते ते ट्रिटियमचे. अशा डायलवर काटे विजेरी दाखवताच लखलखले आणि अर्धा तास विझले नाहीत, तर काटे नवे. १९९० नंतरच्या दशकात जो नवा लेप आला तोच असा दणकून चमकतो.

दुपारपर्यंत आम्हाला तीन उमेदवार मिळाले. एक माझी मुंबईची गोरीपान जोडी. एक जोडी 'सेको' लिहिलेल्या डब्यातली, जरा मळकी. आणि एका कागदाच्या पुडीतली, जिच्यातला लेप ठिकठिकाणी तडकून गळाला होता आणि उरलेला जुन्या हस्तिदंतासारखा झाला होता.

यापुढची परीक्षा चाचांनी घेतली. मी नुसता पाहत होतो, पण असे पाहायला मिळणे हीच मोठी गोष्ट. आधी लांबी. मिनिटाचा काटा मिनिटांच्या बारीक रेघांपर्यंत पोचला पाहिजे, तासाचा काटा तासांच्या ठिपक्यांच्या आतल्या कडेला जाऊन थांबला पाहिजे. मळक्या जोडीतला तासाचा काटा आखूड पडला. ठिपक्यापासून तो कितीतरी अलीकडे थबकत होता. जोडी म्हणून एकत्र पडलेले काटे एकाच घरातले असतील असे नव्हते. ती बाजूला झाली. मग नोटा तपासायची निळी बत्ती आणली. डायलवरचे गोल ठिपके त्या उजेडात फिके हिरवट दिसले आणि बत्ती हलवताच विझले. मूळच्याच सेकंदाच्या काट्यावरचा ठिपकाही तसाच. गोरी जोडी मात्र निळसर पेटली आणि पेटलेलीच राहिली. पुडीतली जोडी ठिपक्यांबरोबर उजळली, ठिपक्यांबरोबरच विझली.

शेवटची परीक्षा मला ठाऊक नव्हती. चाचांनी काड्या उपटून काढल्या आणि उघडे डायल भिंगाखाली तिरपे धरले. काळ्या रंगावर दोन पुसट डाग दिसले. एक चारच्या किंचित पुढे, एक सातव्या मिनिटावर. घड्याळ पाण्यासकट आठ-दहा दिवस थांबले होते, तेव्हा कुजलेल्या लेपाचा ओघळ काट्यांखाली डायलवर उतरला होता. रुंदी दिसत होती, टोक दिसत होते. रेडियमचे काटे वर्षानुवर्षे एकाच जागी थांबले तर डायल जाळून स्वतःची सावली उमटवतात, हे मी पाहिले होते. विहिरीच्या पाण्याने तेच केलेले प्रथम पाहिले. चाचांनी पुडीतले काटे चिमट्याने त्या डागांवर नुसते टेकवले. मिनिटाच्या काट्यात मधोमध जिथे लेप गळाला होता, नेमका तिथेच डाग गडद होता.

"इंजिनेर साहेबांचेच," चाचा म्हणाले आणि त्यांनी चहा सांगितला.

इथे माझे काम संपले असे मी धरून चाललो होतो. पण संध्याकाळी अंबडहून माझी पुतणी येऊन पोचली. घड्याळ तिचे, तेव्हा तिने पाहावे असे मावशीने ठरवले होते. तिने सगळे नीट ऐकून घेतले, डाग पाहिले, आजोबांच्या काट्यांना बोटही न लावता बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काका, हे अंधारात दिसतील?"

"नाही. ह्यांतला लेप आता मेला."

"रात्री जहाजाच्या ब्रिजवर दिवे लावत नाहीत. बाहेरचं दिसावं म्हणून. माझी पाळी बारा ते चार लागली तर मला वेळ कशी दिसणार?"

मी तिला समजावले. हे काटे त्या घड्याळाबरोबर जन्मले, हे एकदा काढले की घड्याळ पुन्हा उसने होते, शौकीन माणूस अशा जोडीसाठी वाट्टेल ते देईल. जुना लेप खरवडून नवा भरता येईल का, असे तिने विचारले. चाचांनी मान हलवली. भरता येईल, पण मग त्यांत जुने काय उरले? मी या मताशी सहमत होतो आणि आजही आहे. अशी वस्तू शंभर वर्षांनी कुणाच्या हाती पडली तर ती खरी पडावी. पोरगी म्हणाली, "शंभर वर्षांनंतरचं त्यांचं ते बघतील. मला मार्चमध्ये जॉइन व्हायचंय."

प्रश्न मावशीपुढे न्यायचे ठरले. घड्याळ तसेच डबीत घालून आम्ही रात्रीच अंबडला गेलो. पंचवीस-तीस किलोमीटरची वाट. गावाच्या कडेला मत्स्योदरी देवीची टेकडी आहे. टेकडीचा आकार माशासारखा म्हणून देवीचे हे नाव, असे लोक सांगतात. पाण्यावाचून तळमळणाऱ्या मुलुखात एवढा मोठा मासा कोरड्यावर येऊन बसला आहे, याचे मला दर वेळी नवल वाटते. मावशीने तिन्ही जोड्या ताटलीत घेतल्या, जशा काही तांदळातले खडे निवडायचे होते. अप्पांची जोडी तिने लगेच ओळखली. "ह्याच. रात्री उठले की भिंतीवर हिरवं पडायचं," ती म्हणाली. भिंतीवर पडण्याइतका तो उजेड कधीच नसावा, पण मी काही बोललो नाही.

मग तिने एक गोष्ट सांगितली, ती मला माहीत नव्हती. काड्या बसवल्यापासून अप्पा उशाला विजेरी घेऊन निजत. बोटीवरची सवय, रात्री दोनदा उठून वेळ बघायचीच. विजेरीचे बटण वाजले की तिची झोप मोडे आणि दोघांची अंधारात बाचाबाची होई. "तीस वर्षं बोटीवर राहिलेला माणूस, घरात येऊन आंधळा झाला, असं म्हणायचे. नवे काटे आणा म्हटलं तर म्हणायचे, त्यांचे मिळतच नाहीत." तिने गोरी जोडी उचलून नातीच्या तळहातावर ठेवली. "हिला दिसू दे. ती पुडी माझ्याकडे दे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा जालना. चाचांनी निकाल ऐकला, आनंदही दाखवला नाही, नाराजीही नाही. गोऱ्या जोडीतला मिनिटाचा काटा त्यांनी मात्र पहिल्या झटक्याला नाकारला. भोक किंचित सैल होते. "हा बसंल, पण झटका बसला की सरकंल. पंचवीस मिन्टं झाली असली तर वीस दाखवंल. पाण्यातल्या माणसाला हे चालतं का?" त्यांनी भोकाची कडा दाबून आवळली, घालून पाहिला, काढला, पुन्हा आवळला, तासभर हेच. मग बटण फिरवीत राहिले, जोवर तारीख टक्कन पुढे उडाली. ती मध्यरात्रीची खूण. त्याच क्षणी दोन्ही काटे बाराच्या ठिपक्यावर एकावर एक टेकवले, वर सेकंदाचा. घड्याळ तिरपे धरून बाजूने पाहिले, की एक दुसऱ्याला घासत तर नाही, काचेला लागत तर नाही. वाराचे नाव अरबीत ठेवायचे की इंग्रजीत, असे त्यांनी पोरीला विचारले. तिने अरबीच ठेवायला सांगितले.

पाठीला आणि बटणाला रबराच्या नव्या चकत्या घातल्या, पण पाण्याचा दाब तपासायचे यंत्र त्यांच्याकडे नव्हते. म्हणून त्यांनी पोरीकडून पावसापलीकडच्या कुठल्याही पाण्यात हे घड्याळ नेणार नाही असे दोनदा कबूल करून घेतले, आणि बटणाचे आटे घट्ट करायला तिला स्वतःच्या समोर पाच वेळा लावले. पैसे घेतले ते चकत्यांचे आणि मजुरीचे. अप्पांच्या काट्यांची पुडी बांधताना म्हणाले, त्यांचेच होते, त्याचे काय घ्यायचे. पुडीवर त्यांनी उर्दूत तारीख घातली.

रात्री अंबडला जेवणे झाल्यावर माझ्या पुतणीने माजघरातला दिवा मालवला. मावशीने घड्याळ मनगटावर चढवून पाहिले होते, ते तिने अंधारात डोळ्यांजवळ नेले. चष्मा बाहेर कोनाड्यात होता. दोन काटे ठळक, निळसर, आणि भोवतीचे सारे ठिपके काळोखात बुडालेले.

"नऊ वाजून वीस," मावशी म्हणाली. मग जरा थांबून, "एकवीस."